आधी पट्टी विचारा

पुढच्या महिन्यात आम्ही जर्मन संगीतकार बाखचं ‘आक्टुस ट्रागिकुस’ (चर्चसाठीची एक गायन-वादनाची रचना) पुन्हा वाजवतोय. मागच्या खेपेला सगळी व्यवस्था माझ्याकडे होती आणि मी सपशेल माती खाल्ली, म्हणून या वेळी तयारी लिहूनच काढतेय. दोन रेकॉर्डर (तोंडात धरून वाजवायच्या लाकडी बासऱ्या), दोन गांबा (पायांत धरून गजानं वाजवायची तंतुवाद्यं), एक थिऑर्बो (लांब मानेचं, छेडून वाजवायचं तंतुवाद्य), चार गायक आणि चर्चचा ऑर्गन, एवढाच आमचा संसार. मी दुसरा गांबा वाजवते. व्यवस्था माझ्याकडे का, तर माझ्या गाडीची डिकी मोठी आहे.

सगळ्यात आधी, तारीख पक्की व्हायच्याही आधी, ऑर्गनची पट्टी विचारायची. हे वाक्य पुढे अजून चार-पाच वेळा येणार आहे. कंटाळा आला तरी वाचायचं.

पट्टी म्हणजे आपण म्हणतो तीच. माझी आत्या पुण्यात गाणं शिकवते. नवी मुलगी दारात उभी राहिली की तिचं नाव कळायच्या आधी आत्याला तिची पट्टी हवी असते. ‘काळी चार की काळी पाच गं?’ अशा बाईच्या घरात वाढलेली मी, नेदरलँड्समधल्या उट्रेख्टजवळच्या एका खेड्यातल्या चर्चला मेल करते, ‘ऑर्गन जुना आहे ना?’ उत्तर येतं, ‘हो, खूप जुना.’ आणि मी खूश! जुना म्हणजे खालचा, खालचा म्हणजे ४१५, असं मनाशी धरून मी पुढच्या कामाला लागले.

ज्यांना हे आकडे नवे आहेत त्यांच्यासाठी: आज ऑर्केस्ट्रा ज्या ‘ए’वर वाद्यं लावतो, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा, तो ४४० हर्ट्झ. हा आकडा १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरला. त्याआधी गावागणिक, चर्चागणिक वेगळा कारभार होता. जुनी वाद्यं वाजवणाऱ्यांनी आज आपल्या सोयीसाठी काही आकडे वाटून घेतलेत. बरोकला (साधारण १६०० ते १७५० च्या युरोपातल्या संगीताला) साधारण ४१५, म्हणजे त्यांचा ‘ए’ आपल्या काळी चारवर. फ्रेंच बरोकला ३९२, पांढरी पाच. व्हेनिसकडच्या जुन्या फुंकवाद्यांना ४६६, काळी पाच. तेव्हा ‘जुना म्हणजे खालचा’ यात काही अर्थ नाही. उत्तर जर्मनीतले कितीतरी जुने ऑर्गन आजच्यापेक्षा चांगले वर लागलेले आहेत.

आणि लाज अशी की हे त्या रचनेतच लिहिलेलं आहे. बाखनं ही केली तेव्हा तो जेमतेम २२ वर्षांचा होता, बहुधा १७०७ साली, जर्मनीतल्या म्युलहाउझनला. त्याच्या हातची प्रत उरलेली नाही. सगळ्यात जुनी नक्कल १७६८ ची. तिच्यात रेकॉर्डर ‘एफ’मध्ये (पांढरी चार) लिहिलेत आणि बाकी सगळे ‘ई फ्लॅट’मध्ये (काळी दोन). चूक नाही ती. ऑर्गन एक अख्खा स्वर वरच्या पट्टीत, बासऱ्या खालच्या पट्टीत, म्हणून दोघांना वेगवेगळं लिहून दिलं की कानाला एकच ऐकू येतं. ज्या रचनेच्या पहिल्याच पानावर ‘बाबांनो, पट्ट्या वेगळ्या आहेत’ असं लिहिलंय, तीच बगलेत मारून मी पट्टी न विचारता निघाले.

आम्ही सगळे ४१५ वर होतो आणि सगळ्यांसाठी ‘एफ’मधली प्रत केली होती. संध्याकाळी पाचला ऑर्गनवाल्यानं ‘ए’ दाबला. पहिल्या रेकॉर्डरवालीनं तोच स्वर फुंकला, थांबली, बासरी तोंडातून काढून तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. ऑर्गन ४४० होता. अर्धा स्वर वर. तातेची (आतड्याच्या तारांची) वाद्यं एकवेळ चढवता येतात, तुटायची भीती घेऊन. बासरी? तिचं डोकं थोडं बाहेर ओढलं की ती किंचित खाली येते. वर न्यायला लाकूड कापावं लागेल.

ऑर्गनवाला भला माणूस. म्हणाला, मी अर्धा स्वर खाली वाजवतो, ‘एफ’ऐवजी ‘ई’ (पांढरी तीन). आम्ही सुटकेचा श्वास टाकला, तो बारा सेकंद टिकला. कारण ऑर्गन मीनटोनमध्ये लावलेला होता. मीनटोन म्हणजे जुनी जुळवणी: बरेचसे गांधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतात तसे शुद्ध, आपल्या पेटीसारखे चढे नाहीत. ‘सी’वरचा (पांढरी एक) गांधार ऐकाल तर डोळे मिटाल. पण ही श्रीमंती मोजक्याच पट्ट्यांपुरती. सप्तकात काळ्या पट्ट्या पाचच, आणि काळी दोनवर ‘ई फ्लॅट’ लावला की त्याच पट्टीवर हवा असलेला, किंचित वेगळा ‘डी शार्प’ मिळत नाही. ‘एफ’मध्ये वाजवताना ज्या जागी ‘सी’चा मेळ (एकत्र वाजणारे स्वर) येतो, तिथे अर्धा स्वर खाली ‘बी’चा (पांढरी सात) येतो, आणि ‘बी’चा गांधार म्हणजे नेमका तो नसलेला ‘डी शार्प’. त्याच्या जागी जे वाजतं ते शुद्ध गांधारापेक्षा ४१ सेंट वर असतं. अर्धा स्वर म्हणजे साधारण १०० सेंट, त्यावरून अंदाज करा. चर्चमध्ये मांजराच्या शेपटीवर कुणीतरी पाय दिल्यासारखं झालं. सोप्रानो (सगळ्यात उंच आवाजाची गायिका) हसायला लागली, मला रडू येत होतं. शेवटी ऑर्गनचं झाकण बंद केलं आणि थिऑर्बोवाल्यानं एकट्यानं खर्ज ओढला. कार्यक्रम २५ मिनिटं उशिरा. ‘ईश्वराची वेळ हीच सर्वोत्तम वेळ’ हे त्या रचनेचे पहिले शब्द आहेत, त्यावर मंडळींनी पुढचे सहा महिने विनोद केले.

तर ऑर्गनची पट्टी विचारायची, आणि त्याच दमात जुळवणी विचारायची. विचारायची म्हणजे ‘जुना आहे का’ असं नाही. ‘ए किती हर्ट्झ, कोणत्या तापमानाला, आणि जुळवणी कुठली’ असं. आणि उत्तर आलं तरी स्वतः जाऊन ट्यूनर धरून मोजायचं. तापमान का, तर पाइपमधली हवा तापली की स्वर चढतो, दर अंशाला सुमारे ३ सेंट. मंगळवारी रिकाम्या चर्चमध्ये ११ अंशांत ४१५ दाखवणारा ऑर्गन कार्यक्रमाला १८ अंशांत ४२० च्या आसपास गेलेला असतो. म्हणून हीटर किती वाजता लावणार हे चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या काकांना विचारायचं. दोन तास आधी लावतो म्हणाले तर चार तास आधी लावायला सांगायचं.

भाड्याचा पेटीऑर्गन आणणार असाल तर सुटलो असं समजू नका. त्याची पट्ट्यांची फळी सरकवून ४१५ चा ४४० करता येतो, हे खरं. पण फळी सरकते तेव्हा जुळवणीही सोबत सरकते. काल गोड असलेली पट्टी आज कडू. कुठल्या पट्टीवर असताना लावलाय ते विचारायचं. आधी विचारायचं, गाडीतून उतरवल्यावर नाही.

आता तारा. गांब्याला सहा तारा, मेंढीच्या आतड्याच्या; सारंगीला असते तशीच तात. प्रत्येक तारेची एक जादा हवी, वरच्या दोघींच्या दोन-दोन. नवी तात कार्यक्रमाच्या दिवशी चढवायची नाही, ती तीन दिवस नुसती उतरत राहते. त्यामुळे जादा तार घरीच चढवून, ताणून, काढून, पाकिटावर नाव लिहून ठेवायची. जुनी तार बोटाखाली जिथे घासते तिथे केसासारखे तंतू सुटतात. ते ओढायचे नाहीत. नेलकटरनं मुळाशी कापायचे आणि वरून बदामाच्या तेलाचं बोट फिरवायचं. अगदी एक बोट. तेल गजाच्या वाटेत गेलं तर गज घसरेल आणि मग राळ कितीही लावा. राळ घ्यालच.

पडदेही तातेचेच, दांडीभोवती गाठ मारून बांधलेले, सात. सतारीसारखे सरकवता येतात आणि सरकवावे लागतात, कारण ऑर्गन मीनटोनमध्ये असेल तर पडदे समान अंतरावर ठेवून चालत नाही. ते कुठे सरकवायचे हे कशावर ठरतं? ऑर्गनच्या जुळवणीवर. विचारलीत का? पडद्यासाठी जादा तात आणि ती कापायला छोटी कात्री. गाठ मारल्यावर टोकं उदबत्तीनं डागायची म्हणजे सुटत नाहीत. उदबत्ती ही माझी भर. इकडचे लोक लायटर वापरतात आणि एकदा एकानं वार्निश जाळलंय.

खुंट्या. हिवाळ्यात कोरड्या हवेत सुटतात, पावसाळी दिवशी अडकतात. खडू आणि साबणाचा तुकडा.

पँट. हसू नका. गांब्याला चेलोसारखा जमिनीत रुतवायचा दांडा नसतो, तो पोटऱ्यांमध्ये धरतात. ‘गांबा’ म्हणजेच पाय. गुळगुळीत पॉलिएस्टरची काळी पँट घातलीत तर वाद्य प्रत्येक ओळीला बोटभर खाली जातं. सुती घाला, नाहीतर जाड कापडाची पट्टी मध्ये धरा. आणि खुर्ची बघा: हात नसलेली, बैठक सपाट. चर्चच्या घडीच्या खुर्च्या मागे उतरत्या असतात, त्यांच्यावर तासभर गांबा धरून बसलात की दुसऱ्या दिवशी कंबर आठवण करून देते. मी पियानोचं स्टूल घेऊन जाते. डिकी मोठी आहे.

रेकॉर्डरवाल्यांचं ते बघतील, पण तीन गोष्टी त्यांच्या कानावर घालायच्या. बासरी कोटाच्या आत गरम ठेवा, थंड लाकूड खाली वाजतं आणि आत पाणी धरतं. पाणी अडकायला लागलं तर भांड्यांच्या साबणाचा पाण्यात केलेला एक थेंब फुंकीच्या फटीत. आणि जवळ दुसऱ्या पट्टीच्या बासऱ्या असतील तर त्याही आणा. दोघींकडे ३९२ च्या असत्या तर त्या दिवशी आम्ही वाचलो असतो: ३९२ वरचा ‘एफ’ म्हणजे ४४० वरचा ‘ई फ्लॅट’, बाखच्या हिशोबातलंच एका स्वराचं अंतर. ऑर्गनवाल्यानं ‘ई फ्लॅट’मध्ये वाजवलं असतं, आणि आम्ही आमचे गांबे तुटायच्या भीतीनं का होईना चढवले असते. घरी होत्या त्या. एकीच्या कपाटात. हे पट्टी आधी विचारली असती तरच कळलं असतं.

थिऑर्बोवाल्याला सगळ्यांच्या अर्धा तास आधी बोलवायचं. त्याच्या वाद्याला १४ तारा आहेत. माटेझोन नावाच्या हँबुर्गच्या संगीतकारानं १७१३ मध्येच टोमणा मारून ठेवलाय, की ८० वर्षं जगलेल्या ल्यूटवाल्याची (ल्यूट म्हणजे थिऑर्बोच्याच कुळातलं वाद्य) ६० वर्षं वाद्य लावण्यात गेलेली असतात. आमच्या माणसाला हा टोमणा ऐकवू नका, त्यानं फार वेळा ऐकलाय. त्याला खिडकीपासून आणि हीटरपासून लांब बसवा.

सूर लावताना आपल्या तारा एकमेकींशी शुद्ध करत बसायचं नाही. ऑर्गनवर एकेक स्वर मागून प्रत्येक तार त्याला लावायची. तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचं. गायकांना हे दोनदा सांगावं लागतं.

प्रती. आमच्या सगळ्या एकाच पट्टीत आहेत ना हे एकेका पानावर बघायचं, ‘सगळ्यांकडे आहे’ यावर विश्वास नाही. ऑर्गनवाल्याला दोन्ही पट्ट्यांतली प्रत द्यायची. पेन्सिल. स्टँडचे दिवे, नवे सेल. चर्चमधला झुंबराचा उजेड वर छताला छान दिसतो, कागदावर पडत नाही.

त्या दिवशी: हीटर. ऑर्गन पुन्हा मोजायचा, हो, पुन्हा. चारला थिऑर्बो, साडेचारला बाकीचे. लोक आले की हवा दमट होते, त्यामुळे दार उघडल्यावर एकदा परत लावायचं. मध्यंतरात परत. खाणं, पाणी, काळे कपडे, तुमचं तुम्ही बघा.

नंतर तारा फडक्यानं पुसा, राळ राहू देऊ नका, तारा फार उतरवू नका. गज सैल करा. स्टूल विसरू नका.

हे लिहिता लिहिता चर्चच्या काकांना फोन केला. या वेळचं चर्च वेगळं आहे. ‘४१५ आहे म्हणे,’ ते म्हणाले. कोण म्हणे, ते त्यांना आठवत नाही. गुरुवारी सकाळी दहाला किल्ली देणार आहेत. ट्यूनर आणि थर्मामीटर आत्ताच पिशवीत टाकलाय.