छंद सुरू केलाय पण जमत नाहीये? आधी या चुका टाळा

नवीन छंद सोडताना लोक काय म्हणतात ते जवळजवळ ठरलेलंच असतं, "जाऊ दे, माझ्या हातात कलाच नाही". हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण नीट चौकशी केली की बऱ्याचदा दोष हाताचा निघतच नाही, कागदाचा निघतो, तारेचा निघतो, सायकलच्या सीटचा निघतो. शिकणारा नवा असतो त्यामुळे अडचण आपली की वस्तूची हे त्याला कळत नाही आणि तो सगळं स्वतःच्या माथी मारून घेतो. म्हणून नेहमीच्या तक्रारी आणि त्यामागची खरी कारणं लिहितेय, घरातले छंद आधी आणि बाहेरचे नंतर.

गिटार: बोटं दुखतात आणि आवाज फाटका येतो

थोडं दुखणं सगळ्यांनाच होतं, रोज १५-२० मिनिटं वाजवलं तर काही आठवड्यांत बोटांच्या टोकांची कातडी घट्ट होते आणि त्रास आपोआप कमी होतो. पण जीव काढून दाबावं लागत असेल तर गिटारच तपासा. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या दांड्या असतात त्या फ्रेट, बाराव्या फ्रेटपाशी मोजपट्टी धरून बघा, स्टीलच्या तारांच्या गिटारमध्ये सगळ्यात जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर जागा असते, ती ४ च्या आसपास गेली असेल तर ती गिटार कोणालाच सोपी जाणार नाही, तुम्हाला कशी जाईल? दुसरी परीक्षा म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावायचा आणि जो कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) जड जातो तोच वाजवायचा. एकदम सोपं वाटलं तर वरच्या टोकाला जी पट्टी असते ना, जिला नट म्हणतात, तिच्या खाचा उंच राहिल्यात. दोन्ही गोष्टी गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून सेटअप करून घेतल्या की ठीक होतात, नवीन गिटार घ्यायची गरज नसते.

सेटअप बरोबर असूनही तार झणझणत असेल तर बोट कुठे पडतंय ते बघा. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर जास्त जोर लागतो, पुढच्या फ्रेटच्या अगदी मागे चिकटून दाबलं तर निम्म्या जोरात स्वच्छ आवाज येतो. आणि एफ कॉर्ड! कितीतरी गिटारी या एका कॉर्डमुळे कपाटावर जाऊन बसल्यात. हा बार कॉर्ड आहे, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या, आणि असा कॉर्ड पहिल्या फ्रेटवर सगळ्यात अवघड असतो कारण तिथे तार नटच्या अगदी जवळ असते, म्हणून तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर बसवा आणि मग एकेक घर नटकडे सरका.

एक चूक मात्र महागात पडते. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा लावू नका, स्टीलचा ताण खूप जास्त असतो, ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती खालची पट्टी, उखडू शकतो.

वॉटरकलर: सगळं चिखल चिखल होतंय

आधी कागद. प्रिंटरचा साधा कागद ८० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, आकडा जास्त तितका कागद जाड) आसपास असतो, त्यावर पाणी पडलं की तो फुगतो, खड्डे पडतात, रंग त्या खड्ड्यांत साचतो आणि माणसाला वाटतं आपल्याला ब्रश फिरवता येत नाही. ३०० जीएसएमचा वॉटरकलरचा कागद घ्या, छोटे तुकडे करून वापरा, रंग साधे असले तरी चालतील पण कागदात काटकसर नको. सुरुवातीला पैसे कुठे घालायचे असं कोणी विचारलं तर माझं उत्तर नेहमी हेच असतं.

चिखलाचं कारण मात्र घाई. पहिला थर अर्धवट ओला असताना दुसरा मारला की खालचा रंग उठून वर मिसळतो, आणि त्यात ब्रशला पाणी जास्त असेल तर फुलकोबीसारखे डाग पडतात. हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावून बघा, गार लागला म्हणजे कागद अजून ओला आहे, डोळ्यांना कोरडा दिसला तरी. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. आणि लाल-निळा मिसळून जांभळा येत नसेल, तपकिरीच काहीतरी होत असेल, तर तुमचा लाल केशरीकडे झुकणारा आहे. गुलाबीकडे झुकणारा लाल घेऊन बघा, लगेच फरक दिसेल.

क्रोशा: चौकोन विणायला घेतला आणि त्रिकोण झाला

ही तक्रार इतकी सर्रास आहे ना! खांबाच्या, म्हणजे उंच टाक्यांच्या, ओळीत वळताना आपण ३ साखळ्या घालतो, त्या नेहमीच्या पद्धतीत पहिला खांब म्हणून धरल्या जातात. मग पुढच्या ओळीच्या शेवटी त्या साखळ्यांच्या डोक्यावर एक खांब घालायचा असतो आणि नेमका तोच राहतो, दर ओळीला एक टाका कमी होत जातो आणि कडा आत सरकतात. ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा, विसरणंच शक्य नाही. शिकताना काळी किंवा गडद लोकर घेऊ नका, टाके दिसतच नाहीत मग मोजणार काय. टाके इतके आवळले जात असतील की सुई आत शिरत नाही, तर एक नंबर मोठी सुई घ्या, हात सैल करायचा प्रयत्न करण्यापेक्षा ते सोपं.

कुंडीतली झाडं: रोज पाणी घालूनही मान टाकतात

"रोज" हाच घोळ आहे. पाणी कमी पडलं तरी पानं मान टाकतात आणि जास्त झालं तरी टाकतात, कारण सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि मग पाणी वर ओढूच शकत नाहीत. आपण बिचाऱ्याला तहान लागली म्हणून अजून पाणी घालतो! बोटाची दोन पेरं मातीत खुपसा, आत ओल लागली तर बहुतेक झाडांना त्या दिवशी पाणी नको. कुंडीला भोक पाहिजेच, आणि तळाला खडे घातले की निचरा सुधारतो हा समज सोडा, पाणी खड्यांच्या वरच्या मातीतच अडकून राहतं.

सायकल: गुडघे दुखतात

नवीन लोक सीट इतकी खाली ठेवतात की दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात, भीती वाटते म्हणून, ते मी समजू शकते, पण त्यामुळे प्रत्येक पेडलला गुडघा नको तितका वाकतो आणि पुढच्या बाजूने दुखायला लागतो. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. मग पाऊल नेहमीसारखं ठेवलं की गुडघ्यात थोडासा बाक राहतो, तेवढाच हवा. उलट सीट जास्त वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्याच्या मागे दुखतं. एका वेळी अर्धा सेंटीमीटरच बदल करा, दोन-तीन फेऱ्या मारून बघा, आणि सीटच्या दांड्यावर कमीत कमी किती आत राहिला पाहिजे याची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करा म्हणजे उंचीची भीती जाते.

हात बधिर होत असतील तर सीटचं टोक खाली झुकलंय का बघा, झुकलं असेल तर सगळं वजन मनगटांवर येतं. जड गिअरमध्ये रेटत बसू नका, हलक्या गिअरवर पाय भरभर फिरू द्या, मिनिटाला ८० च्या आसपास फेरे. टायरमध्ये हवा किती भरायची ते टायरच्या कडेवरच लिहिलेलं असतं, आठवड्यातून एकदा तरी बघायचं. हे सगळं करूनही दुखत राहिलं तर मात्र ओढून नेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

धावणाऱ्यांसाठी एकच सांगते, धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, कमी करा.

पक्षी निरीक्षण: दुर्बिणीतून धूसरच दिसतं

महागडी दुर्बीण घेऊन ती लावताच न येणं हे मी खूप बघते. आपल्या दोन डोळ्यांचा नंबर बऱ्याचदा सारखा नसतो, म्हणून उजव्या डोळ्याच्या भिंगापाशी बहुतेक दुर्बिणींना एक छोटी रिंग असते, ती कोणी हात लावून बघतच नाही. एखादी लांबची पाटी निवडा, उजवं भिंग पुढून झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं झाका आणि चाकाला हात न लावता फक्त रिंग फिरवून उजव्याला स्पष्ट करा. झालं, यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत दाबा किंवा फिरवून बसवा, नाहीतर चित्र भोकातून बघितल्यासारखं दिसतं.

पक्षी सापडत नाही कारण लोक दुर्बीण लावून मग शोधतात. नजर पक्ष्यावरच खिळलेली ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणा, खाली बघायचंच नाही. आणि १० पटीची घेतली म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, हाताची थरथर पण तितकीच मोठी दिसते, नवशिक्याला ८ बाय ४२ (८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) सगळ्यात सोयीची.

टेलिस्कोप: खोक्यावरचे आकडे

"५०० पट मोठं दिसेल" असं छापलेलं असलं तरी साधारण हिशोब असा की भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला फार तर १२० पट, त्यापुढे नुसता मोठा धूसर गोळा दिसतो. सुरुवात सगळ्यात मोठ्या आकड्याच्या आयपीसने (डोळ्याकडचं बदलता येणारं भिंग) करा, २५ मिलिमीटर वगैरे, त्याने आकाशाचा जास्त भाग दिसतो आणि वस्तू सापडते. बाजूची छोटी शोधक दुर्बीण दिवसाउजेडी लांबच्या खांबावर जुळवून ठेवा, अंधारात ते जमत नाही, पण सूर्याच्या दिशेला चुकूनही नेऊ नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. चंद्र बघायला लोक पौर्णिमा निवडतात, तेव्हा उजेड समोरून पडतो, सावल्या नसतात आणि सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या आसपास बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे सगळ्यात उठून दिसतात.