पास रश चालत नाही म्हणून ब्लिट्झ वाढवताय? या चुका टाळा

अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजची टीम लागोपाठ दोन शनिवार हरली की तिसऱ्या शनिवारी स्टँडमधला प्रत्येक जण डिफेन्सचा कोच होतो आणि सगळ्यांचं औषध एकच, अरे ब्लिट्झ करा ना, म्हणजे बॉल फेकणाऱ्यावर जास्त माणसं सोडा! मीपण ओरडलोय, खोटं कशाला बोलू.

पास रश म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणं. पण नेहमीच्या चार जणांना त्याच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून सहा पाठवले की मागे पास अडवायला माणसं कमी पडतात, हा साधा हिशेब आहे. मिशिगन युनिव्हर्सिटीचंच बघा. तिथला डिफेन्सचा कोऑर्डिनेटर डॉन ब्राउन, त्याचा डिफेन्स चांगलाच होता, पण २०१८ मध्ये ओहायो स्टेटने त्याच्या मॅन-टू-मॅनसमोर (एकाने एकालाच चिकटून राहायचं) पास झेलणाऱ्यांना आडवे पळवून ६२ पॉइंट केले, पुढच्या वर्षी ५६, आणि २०२० चा सीझन २-४ वर संपला. त्याच २०२० मध्ये मिशिगनच्या डिफेन्समधल्या एडन हचिन्सनच्या नावावर एकही सॅक (पास फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं) नव्हता, तिसऱ्याच मॅचला घोटा मोडून तो बाहेर. तेव्हा पोरांमध्येच दम नाही म्हणून टाकलं असतं तर? २०२१ ला माइक मॅकडोनल्ड कोऑर्डिनेटर आला आणि याच पोराने १४ सॅक काढले, मिशिगनचा रेकॉर्ड, त्यातले ३ ओहायो स्टेटविरुद्ध, ती मॅच ४२-२७ ने जिंकली.

दुसरी चूक, फक्त थर्ड डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरी) बघायचं. पहिल्या दोन डाउनमध्ये रनवर आठ यार्ड दिले की थर्ड अँड टू येतो, म्हणजे दोनच यार्ड उरतात, मग रन येणार की पास हेच कळत नाही, लाइनमन बिचारा मोकळेपणाने सुटणार कसा?

आता खरी गडबड कुठे असते ते. व्हिडिओ स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या क्षणी थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे न्या. बॉल हलला तरी आपला टॅकल (डिफेन्सच्या लाइनमधला मधला गडी) अजून हात टेकून बसलेलाच दिसेल, कारण त्याचं लक्ष क्वार्टरबॅकच्या आवाजाकडे असतं. आवाज फसवायलाच असतो, बघायचं बॉलकडे. म्हणून तर कोच काठीला बॉल बांधून प्रॅक्टिस घेतात, काठी हलली की सुटायचं. आणि पहिलं पाऊल पुढे पडायच्या ऐवजी पोरगा आधी उभाच राहतो, छाती उघडी पडते, समोरच्या दीडशे किलोच्या अडवणाऱ्या गार्डने दोन्ही तळवे छातीत रोवले की विषय संपला, मग कितीही ताकद असो. आधी हे सुधारा, स्पिन मूव्ह वगैरे नंतर.

एज रशर (लाइनच्या टोकाचा गडी) खूप बाहेरून फिरून क्वार्टरबॅकच्या मागे निघून जातो ही पण नेहमीचीच चूक, कबड्डीत कोपऱ्यातला खेळाडू घाईने पुढे आला की रेडर त्याच्याच मागच्या मोकळ्या जागेतून जातो ना, अगदी तसं.

शेवटचं म्हणजे नुसते सॅक मोजू नका. २०२१ च्या सीझनला जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या ट्रॅव्हॉन वॉकरचे सॅक होते ६, हचिन्सनचे १४, आणि २०२२ च्या एनएफएल ड्राफ्टला (प्रोफेशनल लीगच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) पहिला नंबर लागला वॉकरचा, हचिन्सन दुसरा. मी आता मोबाइलमध्ये टिकमार्क करतो, क्वार्टरबॅकला जागा सोडायला लागली की एक टिक. मागच्या मॅचला सॅक एकच होता, टिक अकरा, आणि शेजारचे काका तरी ब्लिट्झ ब्लिट्झच ओरडत होते.