ग्लायफोसेट मारताय? या चुका टाळा

पावसाने जोर धरला की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या धुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर) गवत बघता बघता गुडघ्याच्या वर जातं. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाले तर मजुरी परवडत नाही. मग कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘तणनाशक द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात ग्लायफोसेटचा डबा पडतो. आठ दिवसांनी तोच शेतकरी दुकानात परत येतो: औषध बोगस निघालं, गवत हललंसुद्धा नाही. बोगस माल असतोच, नाकारता येत नाही. पण बऱ्याचदा दोष पाण्यात, पंपात नाही तर वेळेत असतो, आणि तो न शोधता पुढच्या खेपेला मात्रा दुप्पट केली जाते. त्याने गवत मरत नाहीच, वरून शेजारच्या पिकाला आणि फवारणाऱ्याला धोका वाढतो.

आधी कायद्याचं बोलू, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच (परवाना घेऊन फवारणीचं काम करणाऱ्यांकडूनच) करावा असं बंधन घातलं. आपल्याकडे त्याची मंजुरीही चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यापुरतीच आहे. म्हणजे धुरा, पांदण, पडीक जमीन. उभ्या पिकाच्या तासात ते मारणं नियमात बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही. पुढचं सगळं ऑपरेटरकडून काम करून घेताना लक्षात ठेवायचं आहे.

हे औषध काम कसं करतं

ग्लायफोसेट पीक आणि तण असा भेद करत नाही. ते पानातून आत शिरतं, अन्नरसाबरोबर मुळापर्यंत उतरतं आणि वनस्पतीला लागणारी काही अमिनो आम्लं तयार करणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. वाढ थांबते, मग हळूहळू पिवळेपणा येतो. हंगामी तण चार ते सात दिवसांत पिवळं पडतं. हरळी, कुंदा, लव्हाळा यांना दोन-तीन आठवडेही लागतात. तिसऱ्या दिवशी गवत हिरवं दिसलं म्हणून दुसरा फवारा मारू नका.

मातीला लागताच ते मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं आणि निकामी होतं. म्हणून तण उगवायच्या आधी मारून काही उपयोग नाही. आणि याच गुणधर्मात आपल्या भागातली सगळ्यात मोठी चूक दडलेली आहे.

पाणी

पावसाळ्यात पंप भरायला जवळचं पाणी म्हणजे नाल्याचं नाही तर शेततळ्याचं, काळ्या मातीने गढूळ झालेलं. डब्यातून औषध त्यात पडलं की पानापर्यंत पोचायच्या आधी टाकीतच चिकणमातीला चिकटतं. गवतावर जे पडतं त्यात दम उरलेला नसतो. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन अर्धा तास ठेवा. तळाला गाळ दिसला तर ते पाणी फवारणीला नको. हिरव्या धुऱ्यावर सायकल-गाड्यांची धूळ साचलेली असेल तरी हेच होतं, म्हणून पाऊस पडून पानं धुतली गेल्यावर मारलेलं बरं.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी स्वच्छ दिसतं, पण जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर आहे असं समजा. ते ग्लायफोसेटला बांधून ठेवतं. यावर उपाय स्वस्त आहे: लिटरला २० ग्रॅम अमोनियम सल्फेट, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. आधी अमोनियम सल्फेट पूर्ण विरघळवायचं, नंतर औषध. उलटा क्रम केला तर पाण्यातले क्षार आधीच औषधाला धरून बसतात.

औषध पत्र्याच्या, जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत किंवा ड्रममध्ये कालवू नका. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. प्लास्टिकचीच भांडी वापरा.

वेळ

नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशाला कोमेजलेलं गवत औषध ओढून घेत नाही. तणाची वाढ जोरात असताना, पानं तजेलदार असताना फवारा. फवारल्यावर निदान सहा तास पाऊस नको. आदल्या दिवशी गवत कापून मग फवारणं म्हणजे औषधाला शिरायची वाटच बुजवणं. तसंच फवारून दुसऱ्या दिवशी वखर घातला तर मुळाकडे निघालेलं औषध मध्येच तुटतं. आठवडाभर तरी जमिनीला हात लावू नका.

पऱ्हाटी आणि पंप

वारा सुटल्यावर धुऱ्यावर मारलेलं ग्लायफोसेट शेजारच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) उडतं. सकाळची वारा पडलेली वेळ घ्या, नोझलला हूड लावा, दाब कमी ठेवा.

पण पऱ्हाटीचा खरा वैरी २,४-डी हे दुसरं तणनाशक आहे. गव्हात किंवा मौदा-रामटेककडे धानात ते वापरलेलं असतं, पंप नुसत्या पाण्याने विसळून ठेवलेला असतो, आणि तोच पंप पुढे कपाशीत कीटकनाशकाला लागतो. नळीत आणि फिल्टरमध्ये राहिलेला अंशही पुरतो. चार-पाच दिवसांत शेंड्याची पानं भेंडीच्या पानासारखी चिरत जातात, शिरा जवळ येतात, देठ पिळवटतात. लोक याला व्हायरस समजून आणखी औषधं मारतात. रोग असेल तर तो वावरात इकडे-तिकडे विखुरलेला दिसतो, पंपाचा दोष मात्र फवारलेल्या तासांना सरसकट असतो, तेवढं बघा. माझं स्पष्ट मत आहे की तणनाशकाचा पंप वेगळाच असावा. पंपाच्या किमतीपेक्षा एका वेचणीचं नुकसान मोठं असतं.

‘चोर बीटी’वर, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या तणनाशक-सहनशील कपाशीवर, ग्लायफोसेट चालतं म्हणून ती पेरणारेही आहेत. तणनाशक सहन करणारी कपाशी देशात मंजूर नाही, त्यामुळे पाकिटात काय आहे याची हमी कोणी देत नाही. मिसळ बियाणं निघालं तर फवाऱ्यानंतर वावरात खाडे पडतात आणि तक्रार करायला पावतीही नसते.

संत्रा बाग

धुऱ्यावरून उडालेले थेंब संत्र्याच्या खालच्या फांद्यांवर बसले की नवी पालवी अरुंद, बारीक आणि पिवळसर येते. ती जस्ताच्या कमतरतेसारखीच दिसते, म्हणून लोक झिंक फवारत बसतात. नीट पाहिलं तर कमतरता झाडाला चहूबाजूंनी दिसते. तणनाशकाचा मार मात्र धुऱ्याकडच्या बाजूलाच जास्त असतो. जंबेरी खुंटावरचे (ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या बुंध्यावरचे) हिरवे फुटवे तणनाशकाने जाळायचा विचारही करू नका. औषध तिथून थेट झाडाच्या मुळात जातं. फुटवे हातानेच काढा. ओळींमधलं गवत ग्रासकटरने कापून तिथेच आच्छादन म्हणून टाकलं तर ओलही टिकते.

माणूस

२०१७ मध्ये विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती. पण उघड्या अंगाने फवारणं, तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकणं, हाताने द्रावण ढवळणं या सवयी तणनाशकालाही लागू आहेत. फवारणी ऑपरेटरचा माणूस करणार असला तरी रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा आणि पूर्ण बाह्या आहेत का, ते मालकाने बघायचं आहे. उकाडा होतो म्हणून हे टाळण्याऐवजी नऊच्या आत काम आटोपा.

उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवू नका, कधीच नाही. कपाटात पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक असेल तर ही चूक जीवच घेते. त्याचे एक-दोन घोटही प्राणघातक ठरतात, त्याला उतारा नाही, आणि पहिल्या दिवशी माणूस बरा दिसत असल्याने घरचे गाफील राहतात. पोटात गेलं असेल तर ओकारी काढायला लावू नका. कातडीवर सांडलं तर कपडे उतरवून साबणाने धुवा, डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. मग १०८ ला फोन करा, आणि नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या, डबा लेबलासकट सोबत घ्या. डॉक्टरला औषधाचं नाव कळलं की उपचाराची दिशा तिथेच ठरते.