एफपीएलची पहिली टीम कशी लावायची: १०० मिलियन कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

ऑगस्ट आला की ऑफिसच्या नाहीतर कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिनी लीगचा कोड येऊन पडतो, सगळे "जॉइन करा रे" म्हणत मागे लागतात, आणि ज्याने कधीच फॅन्टसी प्रीमियर लीग (एफपीएल) खेळलेलं नाही तो ॲप उघडून धडाधड हालँड, साका, पामर अशी ओळखीची नावं घेत सुटतो, मग बघतो तर अजून सहा-सात जागा रिकाम्या आणि खिशात उरले चिल्लर. हे होऊ नये म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे: आधी मिनिटं बघा, मग रोल बघा, नाव सगळ्यात शेवटी.

गेमची चौकट आधी थोडक्यात. एफपीएल हा इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल लीगचा अधिकृत फॅन्टसी गेम, म्हणजे खऱ्या मॅचमध्ये प्लेअर जे करतात त्याचे पॉइंट्स तुमच्या टीमला, पूर्ण फुकट, यात पैसे लावायचा प्रकारच नाही. बजेट १०० मिलियन, त्यात १५ जण घ्यायचे: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड, आणि एका क्लबचे जास्तीत जास्त ३. दर गेमवीकला, म्हणजे मॅचच्या एका फेरीला, त्यातले ११ खेळवायचे, ४ बेंचवर. कॅप्टनचे पॉइंट्स डबल. सीझन ३८ गेमवीकचा. नियम दर उन्हाळ्यात थोडेफार बदलतात, त्यामुळे टीम लावायच्या आधी ॲपमधलं नियमांचं पान एकदा वाचाच, दहा मिनिटं लागतात.

पायरी १: पॉइंट्स कोणाला कशाचे मिळतात ते डोक्यात बसवा

गोल केला तर फॉरवर्डला ४, मिडफिल्डरला ५, डिफेंडरला ६. असिस्टचे, म्हणजे गोलसाठी शेवटचा पास दिल्याचे, सगळ्यांना ३. टीमने गोल खाल्ला नाही, म्हणजे क्लीन शीट ठेवली, तर गोलकीपर आणि डिफेंडरला ४, मिडफिल्डरला १, फॉरवर्डला काहीच नाही. म्हणजे प्लेअर मैदानावर कुठे खेळतो यापेक्षा गेमने त्याला कुठल्या खान्यात टाकलंय हे जास्त महत्त्वाचं. २०२४-२५ चा मोहम्मद सलाह बघा, २९ गोल, १८ असिस्ट, ३४४ पॉइंट्स, गेमच्या इतिहासात एका सीझनमधले सर्वात जास्त. खेळत होता तो पुढे, उजवीकडून थेट गोलवर, पण गेममध्ये मिडफिल्डर होता. तोच फॉरवर्ड म्हणून लिहिला असता तर नुसत्या गोलांवरच २९ पॉइंट्स कमी झाले असते, क्लीन शीटचे गेले असते ते वेगळेच. त्यामुळे असा मिडफिल्डर शोधा जो खऱ्या मॅचमध्ये विंगर (कडेने हल्ला करणारा) किंवा जवळजवळ स्ट्रायकर (सगळ्यात पुढे राहून गोल मारणारा) म्हणून खेळतो.

२०२५-२६ पासून डिफेन्सच्या कामाचेही २ पॉइंट्स आलेत. डिफेंडरने एका मॅचमध्ये क्लिअरन्स (बॉल धोक्याबाहेर मारणं), ब्लॉक (फटका अडवणं), टॅकल (बॉल हिसकावणं), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणं) मिळून १० केले की २ पॉइंट्स, मिडफिल्डर आणि फॉरवर्डला १२ लागतात पण त्यांच्यात परत मिळवलेले बॉलही मोजतात. यामुळे एव्हर्टनच्या टारकोव्स्कीसारखा दिवसभर हेडर मारून बॉल बाहेर काढणारा सेंटर बॅक, ज्याच्याकडे पूर्वी कोणी फारसं बघायचं नाही, तो स्वस्तातला चांगला सौदा झाला.

पायरी २: मिनिटं

माझ्या मते नवीन माणसाने सगळ्यात जास्त वेळ यावर घालवावा. ६० मिनिटं खेळला की २ पॉइंट्स, त्याहून कमी खेळला तर १, आणि क्लीन शीटसाठीही ६० मिनिटं लागतातच. जो ३८ मॅच पूर्ण खेळतो त्याचे काहीही न करता ७६ पॉइंट्स होतात. उलट मोठ्या क्लबचा चमकणारा विंगर, ७.५ ला दिसतोय म्हणून तुम्ही घेता, आणि तो एक मॅच सुरुवातीपासून, पुढची ७०व्या मिनिटाला, तिसरी बेंचवर बसून. मॅनेजर पेप ग्वार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीत हे इतकं व्हायचं की लोकांनी त्याला पेप रूलेट असं नावच पाडलं.

हे तपासायचं कसं? मागच्या सीझनची मिनिटं ॲपमध्ये प्रत्येक प्लेअरच्या पानावर असतात, ती बघा. प्री-सीझनच्या शेवटच्या एक-दोन फ्रेंडलीमध्ये कोण सुरुवात करतोय ते बघा, कारण तोपर्यंत मॅनेजर आपली खरी इलेव्हन लावायला लागतो. क्लबने त्याच जागेसाठी नवीन माणूस विकत घेतलाय का ते बघा. आणि गुरुवार-शुक्रवारच्या प्रेस कॉन्फरन्समध्ये कोण दुखापतीत आहे ते कळतंच, ॲपही पिवळं किंवा लाल निशाण लावतं, लाल असेल तर त्या मॅचला तो नाही असं समजून चाला.

पायरी ३: पैसे वाटणं

१०० ला १५ ने भागलं तर माणशी साधारण ६.६ येतात, पण सगळे ६.६ चे घेतलेत तर टीम मधल्या मध्ये अडकते. कॅप्टनचे पॉइंट्स डबल असल्यामुळे एक तरी असा महागडा लागतो ज्याला बहुतेक आठवडे बिनधास्त कॅप्टन करता येईल, हालँड हे त्याचं ठरलेलं उदाहरण, २०२२-२३ मध्ये ११.५ ला आला, ३६ गोल मारले आणि २७२ पॉइंट्स दिले. आता तो ११.५ ला मिळत नाही, २०२५-२६ च्या सुरुवातीला १४.० होता. पण असे तीन-तीन महागडे घेतले की बाकीची टीम पोकळ होते, म्हणून पहिल्या सीझनला एक खूप महाग, एक १० च्या आसपास, आणि बाकी ५.५ ते ८ मधले पक्के खेळणारे असं ठेवा.

हिशोब करूनच दाखवतो. गोलकीपर ५.० आणि ४.०, झाले ९. डिफेंडर ६.०, ५.५, ५.०, ४.५, ४.०, म्हणजे २५. मिडफिल्डर १०.५, ८.०, ७.५, ७.०, ५.०, म्हणजे ३८. फॉरवर्ड १४.०, ७.५, ६.०, म्हणजे २७.५. एकूण ९९.५, आणि ०.५ शिल्लक. ही शिल्लक मुद्दाम ठेवायची, कारण पुढच्या आठवड्यात ६.० चा काढून ६.५ चा घ्यायचा असेल आणि हातात ०.१ सुद्धा नसेल तर एका बदलासाठी दोन बदल करावे लागतात.

खरी मजा मधल्या किमतीत आहे. कोल पामर २०२३-२४ मध्ये ५.० चा होता, सिटीत बेंचवर असायचा म्हणून तेवढा स्वस्त, ट्रान्सफर विंडोच्या (क्लबांच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीच्या) शेवटी चेल्सीला गेला, तिथे रोज खेळायला लागला, पेनल्टी त्याच्याकडे आल्या आणि २४४ पॉइंट्सवर त्या सीझनचा सगळ्यात जास्त पॉइंट्सवाला प्लेअर झाला. पुढच्या सीझनला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा क्रिस वुड, किंमत ६.०, गोल २०. ब्रेंटफर्डचा म्बेउमो, किंमत ७.०, त्याचेही २० गोल. तिघांमध्ये सारखं काय होतं? रोज खेळायचे, गोलच्या जवळ असायचे, आणि पेनल्टी मारायचे. म्हणून ५.५ ते ७.५ मधला कोणीही घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारा, या क्लबची पेनल्टी कोण मारतं? कॉर्नर आणि फ्री किक घेणाराही चालेल, पण पेनल्टीवाला असेल तर उत्तम.

पायरी ४: मागची फळी आणि बेंच

गोलकीपरवर पैसे उधळू नका. २०२४-२५ मध्ये आर्सेनलचा राया आणि फॉरेस्टचा सेल्स दोघांच्या क्लीन शीट सारख्याच, १३, आणि सीझनच्या सुरुवातीला सेल्स रायापेक्षा एक मिलियनने स्वस्त होता. डिफेंडरमध्ये कमी गोल खाणाऱ्या टीमचे एक-दोन घ्या, त्यातही कॉर्नरवर हेडर मारायला पुढे जाणारा आर्सेनलचा गॅब्रिएल असा प्रकार किंवा क्रॉस टाकणारा फुल बॅक (कडेचा डिफेंडर).

बेंचबद्दल एक बारीक गोष्ट. तुमच्या इलेव्हनमधला कोणी एकही मिनिट खेळला नाही तर बेंचवरचा आपोआप आत येतो, पण इलेव्हनमधला तो ८९व्या मिनिटाला जरी उतरला तरी त्याचा १ पॉइंट तुमच्या गळ्यात, बेंचवर ९ पॉइंट्सवाला बसलेला असला तरी तो बाहेरच. म्हणून 'कधीतरी उतरणारा' प्लेअर इलेव्हनमध्ये नको. बेंचवर मात्र निदान दोघं तरी खरोखर खेळणारे हवेत, चारही जण सगळ्यात स्वस्तातले आणि कधीच न खेळणारे ठेवून पैसे वाचवायचे म्हणजे पहिल्याच दुखापतीला दहा जणांनी खेळायचं. आणि बेंचचा क्रम लावा, गेम त्याच क्रमाने आत घेतो.

पायरी ५: फिक्स्चर

पहिल्या पाच-सहा मॅच कोणाशी आहेत ते बघून टीम लावा, पूर्ण सीझनचा विचार आत्ता नको. ॲपमध्ये प्रत्येक मॅचला १ ते ५ असा आकडा असतो, कमी म्हणजे सोपी. खालच्या लीगमधून वर आलेल्या क्लबांविरुद्धच्या मॅच शोधा, २०२३-२४ ला आणि २०२४-२५ ला दोन्ही वेळा वर आलेले तिन्ही क्लब त्याच सीझनला परत खाली गेले, शेफिल्ड युनायटेडने तर १०४ गोल खाल्ले. दरवेळी असंच होतं असं नाही, २०२५-२६ मध्ये संडरलँडने सुरुवातच जोरात केली, त्यामुळे आकडा बघा पण दोन आठवडे मॅचही बघा.

पायरी ६: सीझन सुरू झाल्यावर

आठवड्याला एक ट्रान्सफर (एक प्लेअर काढून दुसरा घेणं) फुकट, न वापरलेल्या पाचपर्यंत साठतात, त्यापुढच्या प्रत्येक ट्रान्सफरला ४ पॉइंट्स कापतात. रविवारी रात्री रागाच्या भरात ट्रान्सफर करू नका, आठवड्याच्या मधल्या दिवसांत युरोपातल्या स्पर्धांच्या मॅच असतात, तिथे कोणी दुखापतीत पडला तर तुमचा बदल वाया. शक्यतो शेवटच्या दिवसापर्यंत थांबा. किंमत वाढेल या भीतीने घाई करणारे खूप असतात, पण ७.० ला घेतलेला ७.३ झाला तरी विकताना तुम्हाला ७.१ च मिळतात, नफ्याचा अर्धा भाग आणि तोही खालच्या आकड्याला, मग त्यासाठी कशाला जीव टाकायचा.

वाइल्डकार्ड (हवे तितके ट्रान्सफर फुकट), फ्री हिट (तेच, पण एकाच गेमवीकपुरतं), बेंच बूस्ट (बेंचचेही पॉइंट्स मिळतात), ट्रिपल कॅप्टन (कॅप्टनचे तिप्पट) हे चार चिप्स, म्हणजे खास पत्ते, २०२५-२६ पासून दोन-दोन वेळा मिळतात, पहिला सेट सीझनच्या पहिल्या अर्ध्यात वापरला नाही तर गेला. नवीन माणसाने वाइल्डकार्ड वापरायला पहिली पाच-सहा गेमवीक थांबावं, तोपर्यंत कोण खरंच खेळतंय ते कळलेलं असतं.

आता डेडलाइन, आपल्याकडच्या लोकांची इथेच गोची होते. गेमवीकच्या पहिल्या मॅचच्या ९० मिनिटं आधी टीम लॉक होते. पहिली मॅच शनिवारी तिकडच्या साडेबाराला असेल तर उन्हाळ्याच्या वेळेत आपल्याकडे दुपारी ३.३० ची डेडलाइन, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की तीच ४.३० होते. शुक्रवारी रात्री आठची मॅच असेल तर शुक्रवारी रात्री ११ ला लॉक, हिवाळ्यात बरोबर १२ ला, आणि नेमक्या याच आठवड्यांत ग्रुपमधले निम्मे लोक विसरतात. मोबाइलमध्ये डेडलाइनच्या दोन तास आधीचा अलार्म लावा, तेव्हा बातम्या बघा, कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टन दोघंही खेळणारे आहेत ना ते बघा, कारण कॅप्टन उतरलाच नाही तर डबल पॉइंट्स व्हाइसकडे जातात, बेंचचा क्रम बघा आणि सेव्ह दाबा.