गोठलेल्या झुलत्या पुलावर बुटावर मोजे

डिसेंबर-जानेवारीत कुलू किंवा गढवालकडच्या दऱ्यांत दिवसाच्या ट्रेकला निघालात, की वाटेत नदीवरचे जुने लाकडी फळ्यांचे झुलते पूल लागतात. दरी अरुंद, ऊन उशिरा पोचतं. तोवर फळ्यांवर दहिवर गोठून पातळ पापुद्रा झालेला असतो. ट्रेकिंगचा महागडा बूटही त्यावर सटकतो.

उपाय घरातलाच: जुने, जाड लोकरीचे, सैलसर मोजे.

१. पुलाच्या अलीकडे बसून ते बुटांवरून चढवा. लोकरीची पकड रबरी तळव्यापेक्षा बरी.
२. खिळ्यांच्या रांगेवर पाय टाका. तिथे फळीखाली आधार असतो. पावलं छोटी, तळवा सपाट.
३. एका वेळी एकानेच जा. समोरून खेचरं येत असतील तर निमूट काठावर थांबा, ती काही तुमच्यासाठी थांबणार नाहीत.
४. पलीकडे मोजे काढून झटका, प्लास्टिकच्या पिशवीत टाका. खडकाळ वाटेवर तसेच घालून चाललात तर लगेच फाटतात.

परतताना ऊन असेतोवरच पूल गाठा. फळ्या तुटलेल्या किंवा तार सैल दिसली तर मोज्यांच्या भरवशावर जाऊ नका, मागे फिरा.