स्ट्रिंग थिअरी समजवायचीय? मग स्ट्रिंगपासून सुरुवात करू नका

गोव्यात विज्ञानावर कुठेही बोलायला गेलात, मग ते फोंड्यातलं एखादं वाचनालय असो, शाळेतला कार्यक्रम असो नाहीतर चवथीला घरी जमलेली पाहुणेमंडळी, थोड्या वेळाने कोणीतरी विचारणारच की ते स्ट्रिंग थिअरी म्हणजे काय हो, आणि आपण लगेच सुरू होतो, सगळं जग बारीक तारांचं बनलंय, दहा मिती आहेत वगैरे. लोक माना डोलावतात आणि घरी जाताना डोक्यात एवढंच राहतं की शास्त्रज्ञांनी दहा मिती शोधून काढल्या. कोणीही शोधलेल्या नाहीत! म्हणून माझा आग्रह एकच आहे, तुमच्या प्रत्येक वाक्यावरून ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की ही गोष्ट मोजलेली आहे, का गणितातून निघालेली आहे, का अजून नुसती आशा आहे. बाकी सगळं यानंतर.

तर सुरुवात मोजलेल्या गोष्टींपासून करा. आइनस्टाइनने १९१५ मध्ये मांडलं की गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश आणि काळाचं वाकणं, आणि त्याची पहिली मोठी परीक्षा झाली २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन ज्या बेटावर दुर्बीण घेऊन गेला ते आफ्रिकेजवळचं प्रिन्सिपे बेट तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं, म्हणजे आपल्यासारखंच, आणि हे गोव्यात सांगितलं की मागच्या रांगेतली माणसंसुद्धा सरसावून बसतात. ढग आले होते, मोजक्याच फोटोप्लेट कामाच्या निघाल्या, दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये सोब्राल इथे होती. सूर्याच्या कडेने येणारा ताऱ्याचा प्रकाश न्यूटनच्या हिशोबाने ०.८७ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) वळायला हवा होता, आइनस्टाइनच्या हिशोबाने १.७५, आणि मोजमाप आइनस्टाइनच्या बाजूने पडलं. आकडे सांगायला घाबरू नका. दोन आकडे समोरासमोर ठेवले की परीक्षा म्हणजे काय हे लोकांना लगेच कळतं.

मग खिशातला मोबाइल बाहेर काढायला सांगा. आइनस्टाइनच्याच हिशोबाप्रमाणे जीपीएसच्या उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ३८ दशलक्षांश भाग, पुढे जातं, ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात चूक १० किलोमीटरच्या आसपास जाईल, म्हणजे पणजीत उभं राहून तुम्ही मांडवीच्या पार पलीकडे कुठेतरी दिसाल.

याहून मला आवडणारी गोष्ट म्यूऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावाची, ती जरा निवांत सांगा. सगळ्यांना तळहात आडवा धरायला लावा आणि एक, दोन, तीन असे सेकंद मोजा. दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्या हातातून आरपार जातोय, आत्ता, या खोलीत, छपरातून येऊन. हे कण साधारण १५ किलोमीटर वर तयार होतात आणि त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशाच्या वेगाने पळाले तरी ६६० मीटरच होतात, मग ते खाली आपल्यापर्यंत येतात कसे? कारण एवढ्या वेगाने जाणाऱ्याचा काळ आपल्या हिशोबाने हळू चालतो. इथे थांबा. दहा सेकंद काही बोलू नका, लोक हाताकडे बघत असतात, बघू द्या.

क्वांटमचा, म्हणजे अणूच्या आतल्या जगाच्या नियमांचा, भाग थोडक्यात आटपा असं माझं मत आहे, कारण श्रोडिंगरच्या एकाच वेळी जिवंत आणि मेलेल्या मांजराची गोष्ट सुरू केली की अर्धा तास तिथेच जातो आणि मूळ विषय राहून जातो. एवढं पुरे की अणूच्या आत गोष्टी ठराविक टप्प्यांतच मिळतात, आपण शक्यताच काढू शकतो, आणि त्या शक्यता प्रयोगात अगदी बारीक अंकांपर्यंत जुळतात. ४ जुलै २०१२ ला सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर केलं तो या गणिताचाच विजय, जवळजवळ ४८ वर्षं आधी मांडलेला कण होता तो.

आता भांडण. हा खरा गाभा आहे आणि इथे वेळ द्या. क्वांटम सांगतं की जितक्या लहान जागेत बघाल तितकी ऊर्जेची उलथापालथ जास्त, आइनस्टाइन सांगतो की ऊर्जा असेल तिथे अवकाश वाकतं, मग खूपच लहान जागेत गेलो तर अवकाशच खळबळायला लागतं आणि हिशोबाचं उत्तर अनंत येतं, म्हणजे उत्तर येतच नाही. रोजच्या कामात याने काही अडत नाही, पण कृष्णविवराच्या आत काय होतं किंवा विश्वाच्या अगदी सुरुवातीला काय झालं हे विचारलं की दोन्ही सिद्धांत एकत्र लागतात आणि तिथेच गाडी अडते. हे भांडण समजलं की स्ट्रिंग कशाला हवी हे लोक स्वतःच विचारतात, आणि तेव्हाच ती काढायची, आधी नाही.

काढताना इतिहासातून काढा कारण तो फार सुंदर आहे. १९६८ मध्ये व्हेनेझियानो हा इटालियन भौतिकशास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षणाच्या मागे नव्हताच, त्याला अणुकेंद्रातल्या बलाचं एक सूत्र सापडलं, १९७० च्या सुमारास नांबू, निल्सन आणि सस्किंड या भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हे सूत्र बिंदूचं नाही, कंप पावणाऱ्या तारेचं आहे. पण त्या गणितातून एक नको असलेला कण सारखा बाहेर पडायचा, वस्तुमान शून्य, स्पिन (कणाचा फिरकीसारखा अंगभूत गुण) २, अणुकेंद्रात असा कण नाहीच. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्झ यांनी, आणि जपानमध्ये योनेयाने वेगळेपणाने, म्हटलं की अरे हा तर ग्रॅव्हिटॉन, गुरुत्वाकर्षणाचा कण! नको होता तोच कामाचा निघाला. आणि तारेला लांबी असल्यामुळे दोन तारांची गाठ एकाच बिंदूत पडत नाही, म्हणून ते अनंत उत्तर येत नाही.

कंपनासाठी गिटार आणा, गोव्यात शोधावी लागत नाही. तार मोकळी छेडा, मग बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून, न दाबता छेडा, स्वर एक सप्तक वर जातो. सातव्या फ्रेटवर तसंच करा, त्याहून वरचा पंचम मिळतो. तार तीच, कंपनं वेगळी, आणि थिअरी म्हणते की एकाच तारेची वेगवेगळी कंपनं आपल्याला वेगवेगळे कण म्हणून दिसतात. पण उदाहरण कुठे तुटतं तेही लगेच सांगा, गिटारची तार धातूची आहे, अणूंची आहे, ही तार कशाचीच बनलेली नाही, आणि तिच्यातून आवाज येत नाही. हे सांगितलं नाही तर लोक विश्वाच्या संगीतावर जातात आणि परत येत नाहीत.

दहा मितींसाठी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणाला भेटायचं असेल तर काय काय सांगावं लागतं ते विचारा, इकडे किती, तिकडे किती, कुठला मजला आणि किती वाजता, चार आकडे झाले. मिती म्हणजे असे किती आकडे लागतात तेवढंच. सुपरस्ट्रिंगच्या, म्हणजे स्ट्रिंग थिअरीच्या आजच्या रूपाच्या, गणिताला दहा लागतात, १९९५ मध्ये विटन या भौतिकशास्त्रज्ञाने तिची वेगवेगळी रूपं एकत्र बांधायला मांडलेल्या एम-थिअरीला ११, कमी घेतले तर गणित आतून मोडतं. जास्तीच्या मिती इतक्या बारीक गुंडाळलेल्या असतील की दिसत नाहीत ही कल्पना स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ क्लाइनची, १९२६ ची, स्ट्रिंगच्याही आधीची. आणि स्पष्ट म्हणा, ही गणिताची मागणी आहे, कोणी पाहिलेलं नाही.

का पाहिलेलं नाही तेही आकड्यात सांगा. या तारा ज्या मापाच्या मानल्या जातात ती प्लँक लांबी म्हणजे दशांश चिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग १६, इतके मीटर. प्रोटॉनच्याही, एकावर २० शून्यं, इतक्या पटीने लहान. सर्नचं २७ किलोमीटर घेराचं यंत्र १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचं माप) इथपर्यंत जातं, प्लँक लांबीपर्यंत पोचायला लागणारी ऊर्जा त्याच्या एकावर १५ शून्यं इतक्या पटीत. स्ट्रिंगवाल्यांना सुपरसिमेट्रीचे कण, म्हणजे ओळखीच्या प्रत्येक कणाचा एक जड जोडीदार, तरी मिळतील अशी आशा होती, अजून मिळालेले नाहीत. दुसऱ्या बाजूला, १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी काही खास कृष्णविवरांची एंट्रॉपी (आत किती वेगवेगळ्या रचना दडू शकतात त्याचं माप) तारांच्या गणितातून मोजली ती हॉकिंग-बेकेन्स्टाइनच्या सूत्राशी अचूक जुळली, आणि आपले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अशोक सेन यांचं १९९४ चं काम या सगळ्याच्या पायाशी आहे. दोन्ही बाजू सांगा, ज्या गोव्यात गणितज्ञ-इतिहासकार दा. ध. कोसंबींच्या नावाने विचार महोत्सव भरतो तिथल्या श्रोत्यांना अर्धी गोष्ट सांगणं बरं नाही.

प्रश्नोत्तरांत हे आपल्या पुराणांत आहे का असं कोणीतरी विचारतंच, रागावू नका, माणूस मनापासून विचारतो. त्याला १.७५ ची आठवण करून द्या आणि विचारा की तिथे असा मोजता येईल असा आकडा मिळतो का, चर्चा आपोआप चांगल्या वाटेला लागते. आणि हे सिद्ध कधी होणार असं विचारलं तर तारीख देऊ नका, त्यापेक्षा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणाऱ्या लाटा, मोजणाऱ्या यंत्राबद्दल सांगा, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळालेली, २०१५ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा पकडलेल्या गुरुत्वीय लहरींसारख्याच लहरी तिथे मोजल्या जातील. फक्त तेव्हाही सांगायचं की ते यंत्र आइनस्टाइनच्या बाजूचं आहे, ते कृष्णविवरांच्या टकरी ऐकायला आहे, स्ट्रिंग शोधायला नाही.