लोड बॅलन्सरवरच्या कॅशेला किती मेमरी द्यावी?

लोड बॅलन्सर म्हणजे येणाऱ्या विनंत्या मागच्या अनेक सर्व्हरांत वाटणारा प्रोग्रॅम. त्याचं पहिलं काम कनेक्शन सांभाळणं. कॅशेचा, म्हणजे तयार प्रतिसाद मेमरीत साठवून पुन्हा देण्याचा, नंबर त्यानंतर. म्हणून ‘मशीनमध्ये ८ जीबी आहे, अर्धी कॅशेला देऊ’ असं करू नये. मेमरी संपली की लिनक्स कर्नल प्रोसेसच मारून टाकतो आणि मागचे सगळे सर्व्हर ठणठणीत असूनही साइट बंद पडते. खाली एचएप्रॉक्सी हे लोड बॅलन्सर सॉफ्टवेअर धरून हिशेब मांडला आहे.

१. आधी कनेक्शनचा वाटा काढा. एचएप्रॉक्सीच्या एका बफरचा (डेटा तात्पुरता ठेवण्याच्या जागेचा) मूळ आकार १६ केबी असतो. एका कनेक्शनला येण्याचा आणि जाण्याचा असे दोन बफर लागू शकतात, म्हणजे ३२ केबी. गर्दीच्या वेळी २०,००० कनेक्शन एकदम चालू असतील तर सुमारे ६४० एमबी झाले. काम नसलेले बफर परत घेतले जातात, त्यामुळे रोजचा आकडा कमी दिसेल. तरतूद मात्र गर्दीचीच करावी. टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) आणि कर्नलचे सॉकेट बफर (कर्नल प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतः ठेवतो ते) यांचा खर्च वेगळा. तो धरून ८ जीबीच्या मशीनवर मी २ जीबी कनेक्शनसाठी ठेवेन, १ जीबी ऑपरेटिंग सिस्टिमला आणि १ जीबी मोकळी. उरले ४ जीबी.

२. ते चारही जीबी कॅशेला देऊ नका. इथेच बहुतेक हिशेब फसतात. कॉन्फिगरेशन बदलून रीलोड केलं की नवी प्रोसेस स्वतःची रिकामी कॅशे घेऊन उभी राहते. जुनी प्रोसेस तिच्याकडची कनेक्शन संपेपर्यंत आपल्या कॅशेसह जिवंत असते. वेबसॉकेटसारखी (ब्राउझर आणि सर्व्हरमध्ये सतत उघडी राहणारी) लांबणारी कनेक्शन असतील तर हा काळ तासांवर जातो. म्हणून उरलेल्याची निम्मी, म्हणजे २ जीबी, ही वरची मर्यादा माना. शिवाय ‘हार्ड-स्टॉप-आफ्टर’ ही सेटिंग लावून जुन्या प्रोसेसला वेळेचं बंधन घाला.

३. आता गरज मोजा. मर्यादा २ जीबी आहे म्हणून तेवढी द्यायलाच हवी असं नाही. कॅशेत प्रतिसाद जितका वेळ ठेवणार, तेवढ्या वेळात किती वेगवेगळ्या यूआरएल मागितल्या जातात हे लॉगमधून काढा. कॅशेच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्स-एज’ (साठवण्याची कमाल मुदत) दिला नाही तर एचएप्रॉक्सी प्रतिसाद जास्तीत जास्त ६० सेकंद ठेवतो. समजा त्या मिनिटात १२,००० यूआरएल आल्या आणि सरासरी प्रतिसाद ४० केबीचा आहे. गरज झाली ४८० एमबी. वर थोडी सैल जागा सोडून ६०० एमबी पुरेत. जागा १ केबीच्या तुकड्यांत दिली जाते, त्यामुळे २०० बाइटचा प्रतिसादही किमान एक अख्खा तुकडा अडवतो. बारीक प्रतिसाद खूप असतील तर हे धरा. ‘व्हॅरी’ हेडरची (विनंतीतल्या हेडरनुसार प्रतिसाद बदलतो हे सांगणाऱ्या) हाताळणी चालू केली असेल तर एकाच पानाच्या अनेक आवृत्त्या साठतात, त्याही मोजा.

४. एका वस्तूची, म्हणजे साठवलेल्या एका प्रतिसादाची, मर्यादा तपासा. ती वेगळी दिली नाही तर एकूण आकाराचा २५६ वा भाग धरली जाते. २ जीबीला ८ एमबी, पण ६०० एमबीला जेमतेम २.३ एमबी. त्याहून मोठी फाइल कॅशेत जातच नाही, आणि कॅशे चालत नाही असं वाटत राहतं.

दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर गणित बदलतं. एनजिनएक्सचा साठा डिस्कवर असतो. मेमरीत फक्त किल्ल्या (साठवलेले प्रतिसाद शोधण्याच्या नोंदी), १ एमबीत सुमारे ८,०००. व्हार्निशमध्ये दर वस्तूमागे साधारण १ केबी जादा धरा आणि ‘ट्रान्झिएंट’ (अल्पकाळ टिकणाऱ्या वस्तूंच्या) साठ्याला मुद्दाम मर्यादा घाला, कारण मुळात त्याला मर्यादाच नसते.

५. मग पाहत राहा. सुरुवातीला प्रोसेसची मेमरी कमी दिसते आणि हळूहळू चढत जाते. ही गळती असेलच असं नाही: कॅशेची जागा आधीच राखलेली असते, पण मेमरीची पानं (तुकडे) प्रत्यक्ष वापरात येतील तशीच मोजली जातात. कॅशे भरली की मेमरीच्या आलेखाची रेघ सपाट व्हायला हवी. त्यानंतरही चढत राहिली तर मात्र कारण दुसरीकडे शोधा. मेमरीचा वापर दाखवणाऱ्या ‘फ्री’ कमांडमध्ये कॅशेची ही मेमरी ‘बफ/कॅश’ रकान्यात मोजली जाते, म्हणून ती सहज सोडवता येईल असा समज होतो. तसं नाही. ‘अव्हेलेबल’ रकान्यावर विसंबा.

सोबत कॅशेत किती वेळा शोधलं आणि किती वेळा सापडलं, हे आकडे एचएप्रॉक्सीच्या आकडेवारीच्या पानावर बघा. आकार दुप्पट करूनही सापडण्याचं प्रमाण हललं नाही, तर वाढवलेली मेमरी परत घ्या आणि बॅकएंडचे (मागच्या सर्व्हरांचे) ‘कॅश-कंट्रोल’ हेडर, म्हणजे प्रतिसाद साठवावा की नाही आणि किती वेळ हे सांगणारे, आणि यूआरएलमागे लागणारे ट्रॅकिंगचे पॅरामीटर तपासायला घ्या.